रिकाम्या जागेचा पत्ता

"पाच तास, पस्तीस मिनिटं," मी म्हणाले. "आणि पाच अंश, तेवीस मिनिटं."

त्यानं खिशातलं पेन काढलं आणि आकडे चक्क तळहातावर लिहून घेतले.

"कागद देऊ का?"

"नको. गोठ्यात कागद टिकत नाही. सवय झालीय." त्यानं तळहातावर फुंकर मारली. "पण तास कसले? वर आकाशात घड्याळ लावलंय होय?"

जानेवारीचे दिवस होते. कराडला आमच्या गच्चीवर नुकताच अंधार पडला होता आणि खाली माझे वडील, अण्णा, त्याच्या मामांना कोयना धरणाच्या गोष्टी सांगत होते. तो होता डॉक्टर श्रीरंग जगदाळे, मसूरचा. जनावरांचा डॉक्टर. मला बघायला आला होता. माझं वय तेव्हा अठ्ठावीस, कॉलेजात गणित शिकवत होते आणि नोकरी लागल्यावर हौसेनं संगणकावर चालणारी दुर्बीण घेऊन बसले होते. "दोघांना जरा बोलू दे," असं म्हणून अण्णांनीच आम्हांला वर पाठवलं होतं.

"पृथ्वीवर अक्षांश-रेखांश असतात, तसा आकाशातल्या प्रत्येक वस्तूला पत्ता असतो," मी माझ्या वर्गातल्या आवाजात सांगितलं. "दोन आकडे. एक तासांत मोजतात, एक अंशांत. या रिमोटवर घातले की दुर्बीण आपोआप तिकडं वळते आणि तिथंच रोखून राहते. आकाश सरकेल तशी तीही सरकते. पण आकडे नेमके पाहिजेत. पहिल्यात चार मिनिटं इकडंतिकडं झाली, तर तुम्ही दोन चंद्र मावतील एवढे लांब गेलात."

"म्हणजे मसूरला निघायचं आणि उंब्रजला उतरायचं."

"अगदी तसंच."

मी त्याला बटणं दाखवली, नमुन्याला कृत्तिका लावून दिल्या. मोटर घरघरायला लागल्यावर तो दोन पावलं मागं सरकला आणि म्हणाला, "लाथ तर मारत नाही ना?" मला हसू फुटलं. बघायला आलेल्या मुलापुढं मी सहसा हसत नसे.

"मग या पत्त्यावर काय राहतं?" त्यानं मूठ उघडून दाखवली.

"ते तुम्ही बघून सांगायचं. मी पोह्यांचं बघते. सापडलं की खाली या."

खाली स्वयंपाकघरात इंदूआत्या पोह्यांवर खोबरं पेरत होती. आईच्या माघारी हिनंच मला वाढवलं होतं आणि माझी सगळी सोंगं हिलाच ठाऊक होती. मला बघून तिनं भुवया उडवल्या.

"दिलास पत्ता?"

"दिला."

"अगं, एखाद्याला तरी खरंखुरं काही दाखव की. पोरगा बरा वाटतोय."

त्या पत्त्यावर काहीच नव्हतं. हीच माझी परीक्षा होती. मी मुलाला गच्चीवर न्यायची, आकाशातल्या एका ओसाड तुकड्याचा नेमका पत्ता द्यायची आणि तो काय सांगतो ते ऐकायची. आधी तिघे जण येऊन गेले होते. पहिला बँकेतला साहेब. तो खाली येऊन डोळे मिटून म्हणाला, "अप्रतिम!" दुसऱ्यानं फिरणारी आकाशगंगा पाहिली, तीही गुलाबी. तिसरा पुण्याचा होता. त्यानं शनी पाहिला, कडी मोजली आणि अण्णांना शनीची साडेसाती शास्त्रीय पद्धतीनं समजावूनही दिली. आत्या त्या वेळी पदर तोंडात कोंबून मोरीत जाऊन बसली होती.

गंमत होती, पण नुसती गंमत नव्हती. त्याच्या दोन वर्षं आधी माझा साखरपुडा झालेला होता. मुलगा इंजिनिअर म्हणून सांगितला होता. लग्नपत्रिका छापून आल्यावर कळलं, की त्यानं दुसऱ्याच वर्षी कॉलेज सोडलं होतं. कॉलेज सोडल्याचं मला काहीच वाटलं नसतं. पण तो माणूस कितीतरी महिने माझ्याशी आपल्या प्रोजेक्टबद्दल, सरांबद्दल, परीक्षेतल्या फजितीबद्दल रंगवून बोलत आला होता आणि मी खुळी सगळं ऐकून रात्री उशीत तोंड खुपसून हसत होते. ते मला फार लागलं. त्यानंतर मी ठरवून टाकलं, नवरा कसाही चालेल, पण जे नाही ते दिसतंय म्हणणारा नको.

"अण्णा काय म्हणालेत, आठवतंय ना?" आत्यानं विचारलं.

आठवत होतं. सकाळी दाढी करता करता अण्णा आरशातूनच म्हणाले होते, "कालिंदी, हा शेवटचा. यालाही नाही म्हणालीस, तर यापुढं मी कुणाच्या दारात जाणार नाही. तुझं तू बघ." त्यांचा आवाज चढला असता तर मी भांडले असते. तो चढला नव्हता.

आणि पंचाईत अशी, की हा मला आवडला होता. दुर्बीण लाथ मारते का, असं विचारणारा माणूस आवडू नये तर कोण आवडावं? मी कपबशा मांडत होते आणि मनात एकच जप चालला होता, देवा, याला काही दिसू नये. खाली येऊन त्यानं सरळ म्हणावं, "बाई, तिथं काही नाही." बस्स. मग माझी पुढची सगळी उत्तरं तयार होती.

बराच वेळ झाला. वर मोटर घरघरत होती, थांबत होती, पुन्हा घरघरत होती.

"काय नांगरतोय का काय वर?" आत्या पुटपुटली.

शेवटी जिन्यावर पावलं वाजली. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले. श्रीरंग मामांच्या शेजारी बसला होता. अण्णांना माझ्या परीक्षेचा पत्ता नव्हता. त्यांनी कौतुकानं विचारलं, "काय डॉक्टर, दिसलं का काही?"

त्यानं माझ्याकडं एक नजर टाकली.

"दिसलं," तो म्हणाला.

माझ्या हातातला ट्रे जड झाला. बाकी खोलीत काहीच बदललं नाही. अण्णा हसले, मामांनी पोह्यांत लिंबू पिळलं. मीही बशी पुढं केली आणि "घ्या ना" म्हणाले. तो काहीतरी सांगायला लागला होता, पण मी थांबले नाही. चौथ्यांदा तेच ऐकायचं माझ्यात बळ नव्हतं. तडक आत आले आणि रिकामा ट्रे ओट्यावर आपटला.

"नाही," मी आत्याला म्हटलं.

"दिसलं म्हणाला?"

"दिसलं म्हणाला."

 आत्यानं गॅस उगाचच बारीक केला. मग म्हणाली, "अगं, पर काय दिसलं ते तरी ऐक. वाईच दम धर."

"काय ऐकायचं? गुलाबी असेल नाहीतर निळं असेल. कॅलेंडरवर असतं तसं." माझे डोळे भरून आले होते आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

बाहेर मामांचा आवाज चढला. मामा जुना पैलवान गडी, त्यांना हळू बोलता येत नसे. "आरं पर दिसलं म्हंजे काय दिसलं? नीट सांग की लेका! आमी काय हितं बसून पोहंच खायाचं?"

"आता कसं सांगू मामा..."

"सांग सांग. विंगवले साहेबांनाबी कळू दे."

"इंगवले," अण्णा नम्रपणे म्हणाले.

श्रीरंग जरा घुटमळला. "गाईची कास असते ना, तशी चार सडांची. चार ठिपके अगदी जवळ-जवळ. त्यात तीन ठळक आणि एक जरा मंद, म्हणजे एक सड आटलेला. आणि भोवती पातळ दूध सांडल्यासारखं. रंग म्हणाल तर काही नाही. राखाडी. एका बाजूनं काळी खाच गेलेली, दुधात कुणी बोट घालावं तशी."

मामा खो-खो हसत सुटले. "पोरगी बघाय आलाय का म्हस! कास म्हणं! आता बाकी सोयरीक जमली!"

अण्णांना ठसका लागला. आत्यानंही तोंडाला पदर लावला.

मी मात्र ओट्यापाशी तशीच उभी होते. चार ठिपके, त्यातला एक मंद. भोवती राखाडी धूर आणि धुरात काळी खाच. हे कुठल्या कॅलेंडरवर नसतं. कॅलेंडरवर तो गुलाबी असतो आणि छायाचित्रात मधले चार तारे तर उजेडात बुडून जातात, दिसतच नाहीत. राखाडी रंग आणि चार वेगळे तारे फक्त त्यालाच दिसतात, ज्यानं दुर्बिणीला डोळा लावलेला असतो. हा मृग नक्षत्रातला तेजोमेघ होता. पण मी तर त्याला तिथं पाठवलंच नव्हतं.

"आत्या, चहा दे त्यांना," मी म्हटलं आणि मागच्या जिन्यानं पळाले. साडी सावरत दोन-दोन पायऱ्या चढताना पायात काठ अडकून एकदा तोंडावर पडायची राहिले.

दुर्बीण अजून रोखलेलीच होती, बारीक गुणगुणत आकाशाबरोबर सरकत होती. मी डोळा लावला. समोर तोच तेजोमेघ, मधोमध चार तारे. आयुष्यात शेकडो वेळा बघितले असतील, पण त्या दिवशी मला ते सडच दिसले. कायमचं नुकसान झालं ते झालंच. आजही दुसरं काही दिसत नाही.

मी रिमोटवर बघितलं. पाच तास पस्तीस मिनिटं. बरोबर. पाच अंश तेवीस मिनिटं. तेही बरोबर. पण त्याच्या आधी एक आडवी रेघ. मायनस.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाहण्याचा कार्यक्रम एकाएकी ठरला होता. नवी ओसाड जागा हुडकायला सवड नव्हती, म्हणून मी आळशीपणा केला होता. या तेजोमेघाचा पत्ता मला तोंडपाठ, आणि तो आहे मायनसमध्ये. मी मनातल्या मनात मायनसचा प्लस केला. तेवढ्यानं दुर्बीण मृगाच्या पट्ट्याच्या पलीकडं, पार वर जाते. तिथं एखाददुसऱ्या फिकट ताऱ्याखेरीज काही नाही. झाली परीक्षेची जागा तयार. आता या बाबानं मायनस का लावलं, हे त्यालाच विचारायला हवं होतं.

खाली जीप सुरू झाल्याचा आवाज आला. मामांच्या जीपचा आवाज मामांसारखाच होता. मी पुन्हा बाहेर डोकावले नव्हते, निरोपाला गेले नव्हते, आणि मुलीनं तोंड लपवलं म्हणजे नकार, हे कळायला काही पंचांग लागत नाही. मी पुन्हा जिना उतरले, पुढच्या फाटकातून थेट रस्त्यावर.

"थांबा!"

जीप थांबली. अण्णा फाटकात हात जोडलेल्या अवस्थेतच राहिले. श्रीरंग खाली उतरला. मी त्याला कडुनिंबाच्या आडोशाला घेतलं.

"तुम्ही मायनस का लावलंत?"

तो दचकला. मग त्यानं आवाज खाली आणला. "हळू बोला. वडील ऐकतील."

"ऐकू देत. का लावलंत?"

त्यानं मूठ उघडली. तळहातावर आकडे तसेच होते. "हे बघा. तुम्ही आकडे सांगितले, पण मशीन आधी प्लस का मायनस ते विचारतं. तुम्ही चिन्ह सांगायचं विसरलात."

मी विसरले नव्हते. मुळात प्लस बोलून दाखवायची कुणाला सवय असते? पण वर्गात हे कारण मी कुणाचंही ऐकून घेतलं नसतं.

"आधी प्लस लावलं," तो सांगत होता. "काहीच नाही. म्हटलं, आपला हात चुकला. पुन्हा घातले आकडे. काहीच नाही. तिसऱ्यांदाही काही नाही. मग म्हटलं, एवढी गणिताची बाई आपल्याला रिकाम्या गोठ्यात कशाला पाठवेल? बाईंचं चिन्ह राहिलं असणार. मग मायनस लावलं. तर ती कास."

"आणि हे खाली का नाही बोललात?"

"कुणासमोर? तुमच्या वडिलांसमोर?" त्याला खरंच नवल वाटलं होतं. "पहिल्याच दिवशी पोरीची चूक काढायची? तुम्हीच आधी नेमकेपणावर एवढं बोलला होतात. बरं दिसलं नसतं ते."

मला कुठं तोंड लपवू असं झालं. या माणसानं मला सांभाळून घेतलं होतं, आणि मी आत ओट्यावर ट्रे आपटत होते. मग मी सगळं सांगितलं. ओसाड जागा, बँकेचा साहेब, गुलाबी आकाशगंगा, शनीची कडी. साखरपुड्याचंही सांगितलं. तो तळहातावरच्या आकड्यांकडं बघत ऐकत राहिला.

"म्हणजे रिकामं आहे, हेच उत्तर होतं," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"आणि ते मला तीन वेळा बरोबर आलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही मला नापास करून आत निघून गेलात."

"हो. पण आता पास. म्हणजे माझ्याकडून होकार आहे," मी म्हटलं आणि कानापर्यंत तापले.

जीपमधून मामांनी हॉर्न वाजवला. श्रीरंगनं मूठ मिटली. मला वाटलं होतं, आता हा हसेल. तो हसला नाही.

"तुमचा आहे," तो म्हणाला. "माझं अजून ठरलेलं नाही. माणसाला घरी बोलवायचं, पोहे द्यायचे आणि वर फसवून बघायचं, हे मला काही पटलं नाही. उद्या सकाळी मसूरला या आमच्या गोठ्यावर. आत्यांना घेऊन या. आता परीक्षा मी घेणार."

त्या रात्री मी कूस बदलत पडले होते आणि शेजारी आत्या अंधारात खुसुखुसू हसत होती. "भेटला गं बाई तुला कुणीतरी," ती मधूनच म्हणायची. मला मात्र हसू येत नव्हतं. आजवर मी फक्त परीक्षा घेत आले होते. द्यायची वेळ आली तेव्हा कळलं, की परीक्षेच्या आदल्या रात्री झोप का लागत नाही.

सकाळी मसूरला पोचलो तेव्हा श्रीरंग गमबूट घालून गोठ्यात उभा होता. पुढ्यात एक तांबडी गाय, शांतपणे रवंथ करत होती. त्यानं मला खांद्यापर्यंत पोचणारा प्लास्टिकचा हातमोजा दिला.

"घाला."

"कशाला?"

"ही गाय गाभण आहे का नाही, ते तुम्ही सांगायचं. मागून हात घालून. घाबरू नका, मी धरलीय. गाय गरीब आहे."

आत्या "अगं बया!" म्हणून खांबाला टेकली. आतल्या खिडकीचा पडदा हलला. त्याची आई बघत असणार. मी साडीचा पदर खोचला, मोजा चढवला, त्यानं त्यावर साबणाचं पाणी ओतलं. आणि मी, गणिताची अधिव्याख्याती कालिंदी इंगवले, कोपरापर्यंत, मग दंडापर्यंत, मग जवळजवळ खांद्यापर्यंत त्या गाईच्या आत गेले.

आत गरम होतं. इतकं गरम असेल असं वाटलं नव्हतं. बोटांना सगळीकडं नुसतं मऊ लागत होतं, आणि त्या मऊमध्ये काय कुठं संपतं, काय कुठं सुरू होतं, काही कळायला मार्ग नव्हता. गाईनं एकदा मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"काय लागतंय?" त्यानं विचारलं.

माझी आत्या खांबापाशी उभी राहून डोळ्यांनी खुणावत होती, "आहे म्हण, आहे म्हण." मलाही वाटलं, म्हणून टाकावं. दोनच तर उत्तरं होती. त्यातलं एक बोलले की निम्मी खात्री. समोर तो उभा होता आणि तो मला हवा होता, इतका हवा होता की त्या क्षणी मी शनीची कडीसुद्धा मोजून दिली असती. त्या पुण्याच्या मुलाची मला पहिल्यांदाच दया आली.

"मला काही कळत नाही," मी म्हटलं.

"नीट बघा."

"बघतेय. गरम आहे एवढंच कळतंय. आहे का नाही, मला नाही सांगता येत."

त्यानं गाईच्या पाठीवर थाप मारली.

"आहे," तो म्हणाला. "चार महिन्यांचं. मांजराच्या पिलाएवढं झालंय. नुसतं आहे म्हणाला असतात, तरी बरोबर आलं असतं."

माझा चेहरा पडला. दंड गाईत तसाच अडकलेला, पदर सुटत आलेला, आणि डोळ्यांत पाणी. पुसायला हातही मोकळा नव्हता.

"म्हणजे मी नापास?"

तो गाईच्या बाजूनं पुढं आला. त्याच्या मिशीत आदल्या दिवसापासून दडवलेलं हसू आता मावत नव्हतं.

"हात काढू नका," तो म्हणाला. "जरा खाली, आणि डावीकडं. सापडेपर्यंत मी काही तुम्हांला घरी जाऊ देत नाही."